राणीचे वडील तिचं काम बघायला आले होते

अण्णा, तुमच्या नातीने शाळेत बोलायला इंग्लंडची राणी निवडली, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. तुम्ही नातीला पाहिलेलं नाही. ती जन्मली तेव्हा तुम्हाला जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. तिने तुम्हाला पाहिलंय ते आईच्या घरातल्या फोटोत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, ओठ घट्ट मिटलेले. लहान असताना तिने विचारलं होतं, आजोबा कुणावर रागावलेत? मी म्हटलं, कुणावर नाही गं, फोटो काढायचा म्हटलं की त्यांचा चेहराच तसा व्हायचा. आता ती चौथीत आहे. आम्ही नेकारसुल्मला राहतो. गाव लहान, गाड्यांचा कारखाना मोठा, आणि त्या कारखान्यात मी इंजिनं चालवून तपासते. तुम्ही ओळखीच्यांना सांगायचात तसं ‘मुलगी कंपनीत आहे’ एवढंच म्हणायचं तर अजून तेच चाललंय.

इथे चौथीतल्या पोरांनाही वर्गापुढे उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. त्याला रेफेराट म्हणतात. विषय पोराने निवडायचा, मोठा कागद रंगवायचा, फोटो डकवायचे आणि न वाचता बोलायचं. कुणी घुबड घेतं, कुणी ज्वालामुखी. आमचं रत्न संध्याकाळी जेवताना पोळीचा तुकडा वरणात बुडवत म्हणालं, “मी क्वीन घेतलीय.” तिचं मराठी तिथे संपलं. पुढचं सगळं जर्मनमध्ये: इंग्लंडची, खरीखुरी, पत्त्यातली नाही, आणि ती याच महिन्यात जर्मनीत येणार आहे.

“राण्याबिण्या कसल्या घेतेस?” मी म्हटलं. “जगात एवढे शास्त्रज्ञ पडलेत. आणि त्या लोकांनी आपल्यावर राज्य केलं, माहितेय ना?”

“तिने?” पोरीने विचारलं.

ती बाई गादीवर बसली तेव्हा आपण स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. पोरीने ते वाचलेलं होतं, माझ्या डोळ्यांतही वाचलं. “गेनाऊ,” ती म्हणाली. म्हणजे, बरोबर, तेच ते. तुमचे जावई वरणाच्या वाटीकडे बघत म्हणाले, “आल्झो, म्हणजे विषय संपला. लोणचं दे.”

विषय कसला संपतोय. मी तीन-चार दिवस घुश्शात होते. खरं म्हणजे माझं त्या बाईशी काहीच वाकडं नव्हतं, मी तुमच्या वतीने चिडले होते. जन्मभर तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत राजांचा इतिहास शिकवलात. सनावळ्या तुम्हाला झोपेत पाठ. पण प्रत्येक घराणं संपलं की पुस्तक मिटून पोरांना एक प्रश्न विचारायचात, या राजाच्या राज्यात आपण कुठे राहत होतो? आमच्या वस्तीतली पोरं एका आवाजात म्हणायची, गावाबाहेर. मग दुसरं घराणं सुरू. घरी तर राजाचं नावही चालायचं नाही. आई लाडात येऊन मला ‘माझी राणी’ म्हणाली की तुम्ही ओसरीवरून म्हणायचात, राणी नको म्हणू, शिकू दे तिला. आई हळूच कानात म्हणायची आणि मला ते जास्तच आवडायचं. त्या घरातल्या पोरीची पोर आता राणीचे फोटो कापून डकवत होती. आणि इथल्या प्रथेप्रमाणे घरच्यांनी मदत करायची, म्हणजे डिंक, कात्री आणि रंगीत छपाई माझ्याकडे.

मदत करताना मला त्या बाईची सगळी कुंडली कळली. नव्वदीला टेकलेली. शाळेत एक दिवस गेलेली नाही, शिक्षक वाड्यावर यायचे. इथे तुम्ही हसला असतात. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईवर शाळेत भाषण, हे तुम्ही शिक्षकखोलीत चार जणांना सांगितलं असतं. तिला घोड्यांचं भारी वेड. कुठली घोडी कुठल्या घोड्याची, तिच्या आजीने कुठली शर्यत जिंकली, हे तिला तुमच्या सनावळ्यांसारखं पाठ म्हणे. कुत्री आखूड पायांची, कान उभे. आणि गाडी स्वतः चालवते, या वयातही, स्वतःच्या रानात, डोक्याला रुमाल बांधून. तिच्या देशात लायसन्स तिच्याच नावाने निघतात, म्हणून तिला एकटीला लायसन्स लागत नाही. हे वाचून पोर खुर्चीवरून पडायची बाकी होती, कारण तिची आई, जी दिवसभर इंजिनं तपासते, तिला इथे आल्यावर लायसन्सची परीक्षा पुन्हा द्यावी लागली आणि पहिल्या खेपेला परीक्षकाने नापास केलं. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. आपल्याकडे जो घुसेल तो आधी. जाऊ द्या.

तर डिंक लावता लावता तो फोटो हातात आला. युद्धाच्या शेवटाचा. राणी तेव्हा राणी नव्हती, अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी होती. लष्कराच्या बायकांच्या दलात भरती झालेली. अंगात ढगळ डांगरी, गाडीचं बॉनेट उघडं, हात इंजिनात. टायर बदलायला, इंजिन उतरवायला, जोडायला शिकत होती. अण्णा, मी बराच वेळ तो फोटो धरून बसले. पोर म्हणाली, “मामा, डिंक वाळतोय.” मामा म्हणजे मी, इथली पोरं आईला तसंच म्हणतात.

तुम्हाला आठवत असेल, मी इंजिनीयरिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि सुट्टीत घरी आले होते. वर्कशॉपमध्ये आम्हाला लोखंडाचा तुकडा देऊन कानशीने घासायला लावायचे, चारही बाजू काटकोनात येईपर्यंत. आठवडेच्या आठवडे तेच. मुलींपैकी मी एकटीच मेकॅनिकलला. हातांना घट्टे पडले होते आणि नखांत काळी रेघ बसली होती, ती काही केल्या निघत नव्हती. तुम्ही जेवायला बसला होतात. मी भाकरी वाढायला वाकले आणि तुम्ही म्हणालात, नखं दाखव. शाळेत सोमवारी प्रार्थनेनंतर म्हणायचात त्याच आवाजात. मी सवयीने दोन्ही हात पुढे केले. तुम्ही बघत राहिलात. माझ्या आजोबांचे हात असे होते, तुम्ही म्हणालात. गावची मेलेली ढोरं ओढून झालेले. चार पिढ्या लागल्या हे हात धुवायला. एवढं बोलून भाकरी मोडलीत आणि जेवायला लागलात. आईने मला स्वयंपाकघरात नेलं, खोबरेल तेलात साखर कालवून माझी नखं चोळत बसली. मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तुमचं म्हणणं पटलंही होतं. या दोन गोष्टी एकदम होऊ शकतात हे मला तेव्हा कळलं.

तुमच्या मनात माझ्यासाठी वेगळंच होतं. तहसीलदाराची खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली, टेबलावर काच, बाहेर शिपाई. ते तुम्ही कधी लपवलं नाहीत. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणून ठेवलीत आणि मी ती उघडली नाहीत, तरी ओरडला नाहीत. फीचे पैसे वेळेवर पाठवलेत. पण माझं काम काय, हे तुम्ही कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. म्हणून एक प्रश्न माझ्यापाशी तसाच पडून आहे. तुम्हाला माझ्या कामाची लाज वाटत होती का? या वयात, या देशात, पोटापाण्याची ददात नसताना बाईने असला प्रश्न उकरून काढू नये. पण तो आहे, आणि जूनमधल्या त्या संध्याकाळी डिंकाच्या हातांनी तो पुन्हा वर आला.

पहिल्यांदा वाटलं, तुम्हाला हा फोटो दाखवावा आणि म्हणावं, बघा, राणीचेही हात काळे होते. मग तुमचं उत्तर ऐकू आलं. तुम्ही चष्मा काढून पुसला असतात आणि म्हणाला असतात, तिने हौसेने काळे केले. ती घरी गेल्यावर पाणी घालायला माणूस उभा होता. आणि राणीने केलं म्हणून एखादं काम चांगलं ठरत असेल, तर मी तुला उगाच शिकवलं. हे उत्तर बिनतोड आहे. माझ्याच डोक्यातलं असलं तरी ते तुमचंच आहे, आणि मी त्याच्यापुढे हरले. मग मला वाटलं, मी तरी कुणासाठी काळे केले? हौसेनेच ना? कुणी माझ्यावर लादलं नव्हतं. इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा जमिनीतून तळपायाला जे कळतं, त्याच्यासाठी केले. चार पिढ्यांनंतर आपल्या घरातल्या एका माणसाला हौसेने हात काळे करता आले, याचा हिशेब तुमच्या इतिहासात कुठे बसतो ते मला तुम्हाला विचारायचं होतं.

त्याच फोटोच्या जोडीचा आणखी एक होता. पोरीला तोच जास्त आवडला. राजकन्या इंजिनापाशी आहे आणि तिचे आईवडील, धाकटी बहीण, सगळे तिचं काम बघायला आलेत. राजा गणवेशात उभा आहे आणि मुलीकडे बघतोय. बाकीचे अधिकारी आजूबाजूला ताठ. पोरीने त्याच्याखाली जांभळ्या स्केचपेनने जर्मनमध्ये लिहिलं, ‘इथे पपा बघायला आले आहेत.’ मग सहज मान वर करून विचारलं, “तुझे पपा आले होते? तुझ्या कामावर?”

“आले होते. एकदा.”

“मग? इंजिन दाखवलंस?”

“नाही. चहा पाजला.”

“नूर टे?” म्हणजे फक्त चहा? तिला ते फारच विनोदी वाटलं. तिने तुमच्या जावयांना हाक मारून सांगितलं, आजोबा फॅक्टरीत आले आणि मामाने त्यांना नूर टे.

तुम्ही चिंचवडला आलात तेव्हा मला नोकरीला लागून दीडेक वर्ष झालं असेल. पुण्याला डोळे दाखवायला आला होतात आणि न कळवता थेट कारखान्याच्या फाटकावर उभे राहिलात. वॉचमनने आत फोन केला, मॅडम, वडील आलेत. मी तेव्हा इंजिनाच्या टेस्टला उभी होते, डांगरीत, कोपरापर्यंत तेल. माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय आलं तर ती भाकरी आणि ‘नखं दाखव’. मी वॉचमनला म्हटलं, बसवा त्यांना, पाणी द्या, आलेच. मग रॉकेलने हात पुसले, साबणाच्या पुडीने घासले, पुन्हा रॉकेल, पुन्हा पूड. ऑपरेटर हसत होते, काय मॅडम, बघायला पाहुणे आलेत काय. बायकांसाठी वेगळी खोली नव्हती, स्टोअरच्या मागे कपडे बदलले. पंजाबी ड्रेस, ओढणी, केस नीट. फाटकावर आले तेव्हा तुमच्यापुढे कुठल्याही बँकेतली मुलगी उभी होती.

मी तुम्हाला ऑफिसच्या इमारतीत नेलं. पहिल्या मजल्यावर प्लॅनिंगचे एक साहेब सुट्टीवर होते, त्यांची खुर्ची रिकामी होती. मी म्हटलं, ही माझी जागा. तुम्ही त्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवलात. टॉवेल नव्हता, पण खुर्ची फिरणारी होती. चांगली आहे, म्हणालात. कँटीनचा चहा मागवला, तुम्ही बशीत ओतून प्यालात, माझ्या पगाराबद्दल, घरभाड्याबद्दल, डब्याबद्दल विचारलंत. मग खिडकीकडे बघत म्हणालात, मशिनं कुठे असतात? मी म्हटलं, ती तिकडे, मागच्या शेडला. फार आवाज असतो, तुम्हाला त्रास होईल. तुम्ही मान हलवलीत. निघताना माझा हात हातात घेतलात, जे तुम्ही सहसा करत नव्हतात, आणि म्हणालात, हात कोरडे पडलेत, तेल लावत जा. मी तुम्हाला बसमध्ये बसवून परत आले, डांगरी चढवली आणि अर्धवट राहिलेली टेस्ट पुन्हा पहिल्यापासून लावली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. वाटलं, तुमचं दुखणं टाळलं.

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. कंपनीने मला मद्रासकडे ट्रेनिंगला पाठवलं होतं. निरोप मिळायला दुपार झाली, पोहोचायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ, तोवर विहारात वंदना होऊन सगळं आटोपलं होतं. राणीचंही असंच झालं म्हणे. वडील गेले तेव्हा ती आफ्रिकेत दौऱ्यावर होती, रानात, झाडावरच्या मुक्कामात. निरोप कित्येक तासांनी पोहोचला. पोरीने तिच्या कागदावर लिहिलं, ‘ती राणी झाली होती पण तिला माहीत नव्हतं.’ मी ते वाक्य पुसू नकोस म्हटलं. फार लांबचं नातं जोडतेय असं तुम्हाला वाटेल. पण वडील गेले त्या वेळी आपण काय करत होतो, चहा पीत होतो की हसत होतो, हे मुलीला पुढे जन्मभर मनात मोजावं लागतं, त्यात राजवाडा आणि वस्ती असा फरक मला तरी दिसला नाही.

राणी खरंच आली. पोरीला फ्रांकफुर्टला जाऊन तिला बघायचं होतं, ट्रेनने दीड-दोन तासांचा रस्ता. पण इथे शाळा बुडवायला परवानगी लागते आणि राणी हे कारण चालत नाही. तुम्हाला ही शाळा आवडली असती. मग आम्ही टीव्हीवर पाहिलं. बर्लिनमध्ये इथल्या राष्ट्राध्यक्षांनी तिला एक चित्र भेट दिलं. ती लहान असताना घोड्यावर बसलीय आणि तिचे वडील शेजारी लगाम धरून उभे आहेत. घोडा निळाजांभळा. राणीला घोड्याचा रंग विचित्र वाटला, आणि हे वडीलच ना, असं काहीसं तिने विचारलं. चित्रातले वडील काही तिला पटलेले दिसले नाहीत. सगळे हसले, तुमचे जावईही हसले. घोड्यातलं कळणाऱ्या बाईला निळा घोडा देतात का, असं ते म्हणत होते. मला मात्र त्या बाईचा चेहरा बघवेना. कुणी आपल्याला आपले वडील काढून दाखवावेत आणि ते ओळखू येऊ नयेत, याचं मला कसंसंच झालं.

रेफेराट चांगला झाला. एका मुलाने विचारलं, राणी आता गाडी दुरुस्त करते का, तर ही म्हणाली, नाही, पण माझी मामा करते. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. हे तिने घरी येऊन सांगितलं, बूट काढता काढता, आणि लगेच खायला मागितलं. रविवारी आईशी व्हिडिओवर बोलताना तिने आजीलाही सगळं पुन्हा करून दाखवलं. अर्धं जर्मन, पाव इंग्रजी, उरलेलं हातवाऱ्यांनी. आईला पाठदुखी आहे पण डोळे अजून शाबूत आहेत. तिने कागद स्क्रीनजवळ आणायला लावला.

“ही कोण गं बॉनेटात घुसलेली?”

“हीच राणी. मेकॅनिकचं काम शिकली होती.”

“अगं बाई. आन् हा बाप्या?”

“तिचे वडील. राजा. तिचं काम बघायला आलेत.”

आई म्हणाली, “तुझे अण्णा बी गेल्ते की.”

मी म्हटलं, हो, आले होते, मी त्यांना ऑफिस दाखवलं. आईने मान हलवली. “मला सांगितलं त्यांनी. खुर्ची लई चांगली हाय म्हणले. पर त्या येळी पुण्याला निघताना मला म्हणले, एक जुना शर्ट दे पिशवीत घालून. मी म्हणलं, डोळे दाखवायला जुना शर्ट कशाला? तर म्हणले, पोरीच्या कारखान्यात जायचंय. ती मशिनीपाशी नेईल, पांढरा खराब व्हायचा. तो रंग खेळायचा निळा शर्ट होता बघ, त्योच दिला. आले तर शर्टाची घडी तशीच. मी इचारलं, का वो, घातला नाही? म्हणले, आज काम बंद होतं.”

पोरीला यातलं निम्मंच कळलं. तिने मला विचारलं, आजी काय म्हणाली? मी म्हटलं, आजोबांच्या शर्टाबद्दल सांगत होती. बाहेरून कुणीतरी बोलावलं म्हणून आई उठून गेली आणि स्क्रीनवर नुसता पंखा फिरत राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. चांगलं हुंदके देऊन रडले, पंधराएक वर्षांत रडले नव्हते तेवढं. तुमचे जावई दारात येऊन उभे राहिले, काय झालं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गॅसवरचं दूध बंद केलं.

तुम्ही माझं दुखणं टाळलंत, अण्णा. मी हात धुऊन आले होते हे तुम्हाला तिथेच कळलं होतं, आणि तरी आईपुढे माझी बाजू सांभाळलीत. आज काम बंद होतं म्हणे. तुम्ही, जे वर्गात एक सन चुकला तर पोरांना उभं करायचात. निळ्या शर्टात तुम्ही कसे दिसला असतात याची मला कल्पनाच करता येत नाहीये. मी प्रयत्न करते आणि प्रत्येक वेळी पांढराच शर्ट येतो. ज्या माणसाला लाज वाटते तो जुना शर्ट घेऊन दोनशे मैल येत नाही, एवढं मला आता कळतं. मग ते भाकरीच्या वेळचं बोलणं? तेही खरंच होतं. तुम्हाला तुमच्या आजोबांचे हात दिसले आणि वाईट वाटलं, आणि नंतर कधीतरी त्या हातांनी पोरगी करते काय हे बघावंसंही वाटलं. मधल्या काळात तुमचं मन कसं फिरलं हे मला माहीत नाही, आईलाही नाही. एखाद्या सोमवारी नखं तपासताना फिरलं असेल, किंवा फिरलंच नसेल आणि तरी तुम्ही निघाला असाल.

हे सगळं मी तुम्हाला नीट सांगितलं असतं असं वाटतंय खरं, पण ते काही खरं नाही. उद्या तुम्ही समोर आलात तरी मला यातलं एक अक्षर बोलता येणार नाही. तुम्ही हयात असतात तर दर रविवारी मी फोन केला असता, जेवलात का विचारलं असतं, गोळ्या घेतल्या का विचारलं असतं, तिकडे पाऊस आहे का विचारलं असतं, आणि मग म्हटलं असतं, बरं, आईकडे द्या.